विंडोजशेजारी दुसरी प्रणाली बसवताना या चुका टाळा

एकाच संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना होणारे बहुतेक घोटाळे इन्स्टॉलर सुरू होण्याआधीच झालेले असतात. बोल मात्र नव्या प्रणालीला लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक डिस्कच्या विभागणीत होते. डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशनांची, नोंद ठेवणाऱ्या जुन्या एमबीआर तक्त्यात प्राथमिक पार्टिशनची घरे चारच असतात. बूट, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि उत्पादकाची साधने यांनी ती आधीच अडवली असतील, तर शेकडो जीबी मोकळे असूनही पाचवे पार्टिशन होत नाही. माझ्या लॅपटॉपवर नेमके हेच झाले होते. मोकळ्या जागेवर नवा व्हॉल्यूम करायला गेलो, तेव्हा डिस्क ‘डायनॅमिक’ (विंडोजच्या स्वतःच्या वेगळ्या विभागणीची) होईल असा इशारा विंडोजने दिला आणि तो पुरता न वाचताच मी होकार दिला. त्यानंतर एफडिस्क या पार्टिशनांची यादी दाखवणाऱ्या साधनात पार्टिशनांपुढे ४२ हा डायनॅमिक डिस्कचा प्रकार दिसू लागला आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरने हात टेकले. विंडोजचे स्वतःचे साधन सर्व व्हॉल्यूम पुसल्याशिवाय डिस्क पुन्हा ‘बेसिक’ करत नाही, त्यामुळे सगळा डेटा बाहेर काढून डिस्क कोरी करण्यात माझा आख्खा रविवार गेला. तेव्हापासून मी आधी एफडिस्कची यादी कागदावर उतरवतो, रिकव्हरीची प्रत बाहेर ठेवून तिचे घर रिकामे करतो आणि तिथे एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी पार्टिशन मावणारे) करून लिनक्स त्याच्या पोटात बसवतो. फ्रीबीएसडीला मात्र प्राथमिक घरच द्यावे. नवी डिस्क असेल तर हा खटाटोप हवाच कशाला? जीपीटी या नव्या तक्त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते, आणि ५१२ बाइटच्या सेक्टरमुळे एमबीआरला पडणारी २ टीबीची मर्यादाही तिथे आड येत नाही.

दुसरी चूक फास्ट स्टार्टअपची, म्हणजे विंडोज लवकर सुरू करणाऱ्या सोयीची. ही सोय चालू असताना ‘शट डाउन’ केलेले विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर गोठवून ठेवलेली असते. अशा वेळी लिनक्स ते विंडोजच्या एनटीएफएस फाइलरचनेचे पार्टिशन लिहिण्यासाठी जोडायला नकार देते, आणि उतावीळ मंडळी कारण न शोधता ते जबरदस्तीने जोडण्याची आज्ञा कुठून तरी उचलून चालवतात. फायली खराब झाल्यावर येणाऱ्या तक्रारी मी आता ऐकून घेत नाही. विंडोजमध्ये प्रशासक म्हणून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा दिली की प्रश्न मिटतो.

विंडोज यूईएफआय या बूट करण्याच्या नव्या पद्धतीने बसवलेले असेल, तर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने बूट करावा; लेगसी या जुन्या पद्धतीची सरमिसळ झाली की ग्रब या प्रणाली निवडायच्या मेनूच्या यादीतून विंडोज सुरू होत नाही.

घड्याळ काही तास पुढेमागे दिसले, तर एक प्रणाली ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते आणि दुसरी स्थानिक वेळ, एवढेच.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर संगणकाच्या बायोस सेटअपमध्ये स्टोरेज रेड मोडवर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीवर) आहे का ते पाहावे. पण विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज न करता तो एएचसीआय या साध्या मोडवर नेला, तर विंडोजच उठत नाही.