‘इक्विव्हॅलंट’ लिहिण्याआधी: शिरोलीतल्या क्वालिटी विभागातून

डिप्लोमा झाल्या झाल्या मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) क्वालिटी विभागात लागलो, त्याला आता बारा वर्षं झाली. दर पावसाळ्यात नवी मुलं-मुली रुजू होतात आणि आठवड्याभरात विचारतात, "सर, लोखंड तेच, मग आयएस, आयएसओ, ईएन, एएसटीएम एवढं सगळं कशाला?" ही सगळी मानकांची नावं: आयएस भारताची, आयएसओ आंतरराष्ट्रीय, ईएन युरोपची, एएसटीएम अमेरिकेची. त्यांच्यासाठी, आणि यंदा गोकुळ शिरगाव, कागलकडं लागणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिली चूक माझीच. अमेरिकेतल्या ग्राहकाची चौकशी आली होती. ड्रॉइंगवर मटेरियल होतं ग्रे आयर्न, एएसटीएम ए४८, क्लास ४०बी. आम्ही रोज एफजी २६० हा ग्रे आयर्नचा भारतीय ग्रेड ओतायचो, म्हणून मी कोटेशनच्या शीटवर समोर ‘इक्विव्हॅलंट (म्हणजे समतुल्य): एफजी २६०’ लिहून मोकळा झालो. लॅबच्या मॅडमनी शीट परत पाठवलं आणि मला समोर बसवून हिशेब करायला लावला. क्लासचा आकडा म्हणजे ताकद तपासायला ओतलेला टेस्ट बार दर चौरस इंचाला किमान किती हजार पौंड ताण सोसतो तो. चाळीसला ६.८९५ नं गुणलं की २७६ मेगापास्कल होतात. आपल्या आयएस २१० मधला एफजी २६० किमान २६० ची हमी देतो. म्हणजे आमचा माल आमच्या कागदावर पास आणि त्यांच्या कागदावर नापास होऊ शकला असता.

मग त्या म्हणाल्या, "आता ‘बी’ म्हणजे काय ते सांग." मला माहीत नव्हतं. ते अक्षर टेस्ट बारच्या जाडीचं. ए बार ०.८८ इंचाचा, बी १.२ इंचाचा, सी २ इंचाचा. बार जितका जाड तितका तो हळू थंड होतो, ग्रॅफाइटच्या पाकळ्या मोठ्या होतात आणि ताकद उतरते. वितळलेल्या लोखंडाच्या एकाच लॅडलमधून (भांड्यातून) तिन्ही बार ओतले तरी तीन आकडे येतील. आयएस २१० मध्ये वेगळा ओतलेला बार ३० मिलिमीटरचा असतो, म्हणजे बी बारच्या जवळपास. म्हणून ही तुलना निदान करता तरी येते; ड्रॉइंगवर ‘सी’ असता तर तेवढीही करता आली नसती. जगभरचे नियम एकसारखे करायचे म्हणजे सगळ्यांचे आकडे एक करायचे, असं नव्यांना वाटतं. माझ्या मते आकड्यापेक्षा तो काढायची रीत एक होणं जास्त मोलाचं आहे.

आयएसओ १९४७ मध्ये सुरू झाली ती याच गरजेतून. त्याआधीच्या वर्षी लंडनमध्ये २५ देशांचे प्रतिनिधी त्यासाठी जमले होते. तिचं अगदी पहिलं मानक, आयएसओ १, कशाबद्दल आहे माहितीय? तापमानाबद्दल. कुठलीही लांबी २० अंश सेल्सिअसला मोजली असं धरायचं, एवढंच ते सांगतं. हे मला एप्रिलमध्ये कळलं.

२०० मिलिमीटरचा बोअर (गोल भोक), टॉलरन्स एच७, म्हणजे मापापेक्षा शून्य ते अधिक ४६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतं. मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब ३८ अंशांना होता. बोअर गेज मी एसीच्या खोलीत मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य करून आणला होता. रीडिंग आलं अधिक ३५, मी ओके मारला. दुसऱ्या दिवशी २० अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये सीएमएम या अचूक मापायच्या यंत्रावर तोच बोअर उणे ५ निघाला. कास्ट आयर्न एक अंशाला मीटरमागं सुमारे ११ मायक्रॉन फुगतं. २०० मिलिमीटर आणि १८ अंशांचा हिशेब लावा, ४० मायक्रॉन तिथंच गेले. तेव्हापासून मी जॉब आणि मास्टर एकाच टेबलावर शेजारी ठेवतो, दोन्ही एका तापमानाला आले की मगच मोजतो.

ड्रॉइंगचंही तसंच. व्ह्यू कुठं मांडायचे याची पद्धत आपल्याकडं फर्स्ट अँगल, अमेरिकेत थर्ड अँगल. उजव्या बाजूचा व्ह्यू आपण डावीकडं काढतो, ते उजवीकडंच काढतात. हे लक्षात आलं नाही आणि डाव्या-उजव्या हाताचा ब्रॅकेट असला, की पॅटर्न (ओतायचा लाकडी नमुना) उलटा बनतो. आमचे पॅटर्नवाले मामा प्रत्येक नव्या पोराला हेच सांगतात, "आधी कोपऱ्यातला शंकू बघ रं, मग लाकडाला हात लाव." टायटल ब्लॉकमधलं ते छोटं शंकूचं चिन्ह कुठली पद्धत ते सांगतं आणि त्याचा अर्थ सगळीकडं तोच असतो, म्हणून ड्रॉइंगवरची भाषा जर्मन असली तरी अडत नाही.

हे फक्त लोखंडाचं नाही. गावातला चप्पल-व्यवसायातला माझा मित्र युरोपात माल पाठवतो. तिथं अंगाला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-सहा (क्रोमियमचं घातक रूप) किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतं. बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेल्या कातड्याला क्रोमियम लागतच नाही, तरी रिपोर्ट द्यावाच लागतो. गुऱ्हाळात गुळाच्या रंगासाठी हायड्रॉस (सल्फाइट मागं ठेवणारी पावडर) टाकणाऱ्यांनाही हेच लागू: अन्नाचे जागतिक नियम ठरवणाऱ्या कोडेक्सप्रमाणं सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर ते लेबलवर लिहावं लागतं.

सुरुवात कुठून करायची? बरीचशी भारतीय मानकं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) पोर्टलवर फुकट मिळतात. आयएस २१० आणि फिट्ससाठी (भाग एकमेकांत बसायच्या टॉलरन्ससाठी) आयएस ९१९ मिळवा. कोष्टक वाचायच्या आधी टेस्ट बारचं कलम वाचा. ग्राहकानं ‘थ्री पॉइंट वन’ हे तपासणीचं सर्टिफिकेट मागितलं तर ते ईएन १०२०४ मधलं आहे, आणि त्यावर सही करणारा उत्पादन विभागाच्या हाताखालचा नसावा लागतो, हे मालकांना पहिल्याच दिवशी सांगा. नव्या मानकांचे मसुदे हरकतींसाठी खुले होतात तेव्हा तेही वाचा. फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाची सूचना तिथं पोचायला हवी.

आणि पहिल्या आठवड्यात लॅबमध्ये जाऊन युटीएमवर (बार ओढून ताकद मोजायच्या यंत्रावर) एक बार स्वतः तोडायला मागा. तुटलेली बाजू उजेडात धरून बघा. ती राखाडी दिसते ग्रॅफाइटमुळं, आणि ग्रे आयर्न हे नाव त्यावरूनच पडलंय.