पियानोची तार झणझणते? आधी आवाज कुठला ते शोधा

पट्टी दाबल्यावर सुरासोबत झणझण किंवा खरखर आली की आपण लगेच तारेला दोष देतो. बऱ्याचदा तार बिचारी निर्दोष असते. म्हणून आधी कान लावा, हत्यारे नंतर.

१. ती पट्टी जोरात, पुन्हा पुन्हा वाजवा. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी खोलीतल्या वस्तूंवर एकेक करून हात ठेवायला सांगा: भिंतीवरची फ्रेम, खिडकीची काच, झाकणाच्या बिजागऱ्या, नोटेशन ठेवायची फळी. प्रत्येक वस्तू आपल्या ठरावीक कंपनसंख्येलाच थरथरते, म्हणून तक्रार एकाच पट्टीची वाटते. हाताने आवाज थांबला तर स्क्रू आवळा किंवा वस्तू हलवा. मग टॉर्च घेऊन आत बघा. ग्रँड पियानोत साउंडबोर्डवर (तारांखालच्या लाकडी फळीवर) पडलेली पेन्सिल किंवा टाचणी हा नेहमीचा गुन्हेगार.

२. पट्टी सोडल्यावरही सूर रेंगाळतो? मग डँपर बघा, म्हणजे पट्टी सोडली की तारेवर टेकून आवाज थांबवणारी छोटी गादी. अगदी वरच्या दीडेक सप्तकाला डँपर नसतातच, तिथे रेंगाळणे साहजिक आहे. इतरत्र डँपर बोटाने हलकेच तारेवर दाबा. आवाज बंद झाला तर डँपर नीट टेकत नाही, किंवा त्याचे फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे जाड कापड) कडक झाले आहे. सगळ्याच पट्ट्यांना हा त्रास असेल तर उजवे पेडल तपासा. ते दाबताना सुरुवातीला थोडी ढील हवी. ती नसेल तर डँपर कायम किंचित उचललेले राहतात. पेडलच्या दांड्यावरचा नट थोडा सैल केला की बहुधा काम होते.

३. पट्टी दाबलेली असतानाच खरखर येते? आता तारांकडे वळा. मधल्या आणि वरच्या सुरांना तीन-तीन तारा असतात. रबरी किंवा फेल्टच्या पाचरीने दोन बंद करून तिसरी ऐका, असे तिन्ही तारांचे करा. प्रत्येक तार एकटी स्वच्छ, पण एकत्र वाजल्यावर सूर हेलकावतो (आवाज लहान-मोठा होत राहतो), तर फक्त ट्यूनिंग उतरले आहे. एकटी तारही हेलकावत असेल तर ब्रिजवरची (तारा ज्या लाकडी आधारावरून जातात त्यावरची) तिची पिन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने बाजूला दाबून धरा आणि पट्टी वाजवा. हेलकावा गेला, तर पिन ढिली आहे.

खालच्या सुरांच्या तारांवर तांब्याचा वेढा असतो. तो सैल झाला की धातूची खरखर येते. तंत्रज्ञ तार उतरवतो, वेढ्याच्या दिशेने एखादा पीळ देतो आणि पुन्हा चढवतो. हे घरी करू नका. एकेका तारेवर साधारण 70-80 किलोचा ताण असतो. तारेला तेलही लावू नका. तेल वेढ्यात शिरले की तार कायमची बोथट वाजते.

ट्यूनरला बोलावताना पट्टीचा क्रमांक (डावीकडून, 88 पैकी), तीनपैकी कुठली तार आणि आवाज दाबल्यावर येतो की सोडल्यावर, एवढे लिहून ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग असेल तर फारच छान, कारण तो घरी आला की नेमका तेव्हाच पियानो शहाण्यासारखा वाजतो.