शॉर्टवेव्ह रेकॉर्डिंग आणि संग्रह: नंतर दुरुस्त न होणाऱ्या या चुका टाळा

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह (लघुलहरी) रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह सेवा त्याआधी तीन वर्षं, ३१ जानेवारी २०१७ ला बंद झाली होती. रेडिओ नेदरलँड्सची तर जून २०१२ मध्येच. अशा केंद्रांचं रेकॉर्डिंग हाताशी असेल पण त्यावर तारीख नसेल, किंवा आवाज फाटलेला असेल, तर आता काहीच करता येत नाही. ते प्रसारण पुन्हा होणार नाही.

दूरची केंद्रं ऐकून रेकॉर्ड करायच्या या छंदातल्या चुका म्हणूनच दोन प्रकारच्या आहेत. अँटेना चुकीच्या बाजूला टांगली तर उद्या हलवता येते. पण तारीख चुकली, आवाज छाटला गेला किंवा मोबाइलने स्वतःच्या मनाने आवाज ‘सुधारला’, तर ते रेकॉर्डिंग कायमचं गेलं. आधी या दुसऱ्या प्रकाराकडे पाहू.

भारतीय वेळ आणि यूटीसी यांची सरमिसळ

आंतरराष्ट्रीय केंद्रांची वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे यूटीसी १४:०० चं प्रसारण ठाण्यात संध्याकाळी साडेसातला सुरू होतं. एवढं गणित सगळ्यांना जमतं, चूक होते ती तारखेत. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते. १५ ऑगस्टच्या पहाटे सव्वादोनला केलेलं रेकॉर्डिंग १४ ऑगस्ट, यूटीसी २०:४५ असं नोंदवायला हवं.

यावर उपाय म्हणून काही जण लॅपटॉपचं घड्याळच हाताने साडेपाच तास मागे करतात आणि टाइम झोन मात्र कोलकाताचाच ठेवतात. हे फार महागात पडतं. एचडीएसडीआर किंवा एसडीआर-शार्प हे संगणकावर रेडिओ ऐकायचे-रेकॉर्ड करायचे प्रोग्रॅम फाइलच्या नावात वेळेपुढे ‘झेड’ अक्षर लावतात, त्याचा अर्थ ती वेळ यूटीसी आहे. तुम्ही आधीच मागे केलेल्या घड्याळातून प्रोग्रॅम आणखी साडेपाच तास वजा करतो, आणि वरकरणी अगदी बिनचूक दिसणारं नाव खोटं ठरतं. घड्याळाला हात लावू नका. टाइम झोन कोलकाता, वेळ इंटरनेटवरून जुळवलेली, आणि टेबलावर यूटीसी लावलेलं एक वेगळं साधं घड्याळ, एवढं पुरतं.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी हंगामाला ए आणि हिवाळी हंगामाला बी म्हणतात. आपल्याकडे घड्याळं पुढेमागे होत नाहीत, त्यामुळे हा बदल लक्षातच येत नाही. युरोपसाठीचे बरेच कार्यक्रम मात्र यूटीसीत एक तास सरकतात आणि टायमर लावून ठेवलेला असेल तर सोमवारी सकाळी फाइलमध्ये नुसती खरखर सापडते. त्या दोन आठवड्यांत टायमरवर विसंबू नका.

रेकॉर्डिंग तासाच्या पाच मिनिटं आधी सुरू करा. केंद्राची ओळखधून, नाव, फ्रीक्वेन्सीची घोषणा हे सगळं पहिल्या बातमीच्या आधी येतं. संग्रहाच्या दृष्टीने पुष्कळदा तेच सर्वांत मोलाचं असतं आणि नेमकं तेच कापलं जातं.

मोबाइलला थेट हेडफोनची वायर

रेडिओच्या हेडफोन जॅकमधून वायर काढून सरळ मोबाइलच्या जॅकमध्ये खुपसली, तर तीनपैकी एक गोष्ट होते: मोबाइल बाहेरचा माइक ओळखतच नाही आणि खोलीतला पंखा रेकॉर्ड होतो, किंवा ओळखतो, पण आवाज पार फाटतो, किंवा दर थोड्या वेळाने रेकॉर्डिंग आपोआप थांबतं-सुरू होतं. हेडफोनचा सिग्नल व्होल्टच्या घरात असतो, माइकची अपेक्षा काही मिलिव्होल्टची. शिवाय मोबाइल माइकच्या पिनवर थोडा डीसी व्होल्टेज सोडतो. तिथे शून्याजवळचा रोध दिसला की त्याला वाटतं हेडसेटचं बटण दाबलं.

दुरुस्ती चार भागांची आहे. रेडिओकडून येणाऱ्या तारेत १० किलोओहमचा रोधक, त्यानंतर ग्राउंडला १०० ओहमचा. यामुळे सिग्नल साधारण शंभर पटीने, म्हणजे ४० डेसिबलने (डीबी) उतरतो. त्या जोडापासून ४.७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घेऊन माइक पिनकडे जा. तो डीसी अडवतो. इलेक्ट्रोलिटिक वापरत असाल तर धन टोक मोबाइलकडे. आणि कपॅसिटरच्या मोबाइलकडच्या बाजूला, माइक पिन ते ग्राउंड, २.२ किलोओहमचा रोधक. हा चौथा भाग बरेच जण गाळतात. तो नसेल तर मोबाइलला तिथे माइक असल्याचं कळतच नाही. चार पट्ट्यांच्या प्लगवर आजच्या बहुतेक फोनमध्ये टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड, माइक असा क्रम असतो. सोल्डर करण्याआधी मीटरने खात्री करा.

केबल ठीक झाली तरी फोनमधलं रेकॉर्डर अ‍ॅप घात करू शकतं. ही अ‍ॅप्स जवळच्या माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असतात: आपोआप आवाज वाढवणं-उतरवणं, पाठीमागचा गोंगाट गाळणं. शॉर्टवेव्हवर सिग्नल सारखा वरखाली होत असतो. तो खाली गेला की अ‍ॅप खरखर वर उचलतं, आणि क्षीण संगीताला गोंगाट समजून खाऊन टाकतं. हे नंतर परत आणता येत नाही. सेटिंगमध्ये गेन कंट्रोल आणि नॉइज सप्रेशन बंद करता येतं असंच अ‍ॅप निवडा आणि फॉरमॅट वेव्ह (आवाज न दाबता साठवणारा) ठेवा.

टेकसन पीएल-८८० सारख्या रिसीव्हरला लाइन-आउट आहे. आवाजाचं बटण फिरवलं तरी त्याची पातळी बदलत नाही, त्यामुळे मध्येच कुणी आवाज कमी केला तरी रेकॉर्डिंग शाबूत राहतं. लाइन-आउटला जोडीदार लाइन-इन हवा, माइक-इन नव्हे. संगणकासाठी यूएसबी साउंड कार्ड घेताना लाइन-इन आहे ना हे पाहूनच घ्या.

पातळी फार वर ठेवणं

मीटर वरच्या टोकाला खेळता ठेवायची सवय कॅसेटच्या काळातली आहे. तिथे टेपची सळसळ झाकायला ते गरजेचं होतं. डिजिटलमध्ये शून्य डीबीच्या वर काहीच नाही, लाट सपाट छाटली जाते. नेहमीच्या दिवशी सर्वोच्च टोकं उणे १२ डीबीपाशी ठेवा. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरात विजांचे कडकडाट सिग्नलच्या कितीतरी वर उसळतात, तेव्हा उणे १८. १६ बिटमध्ये एवढी पातळी खाली ठेवल्याने काहीही हरवत नाही.

फाइलचा हिशेब: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह तासाला सुमारे ३१८ एमबी घेते. स्टिरिओ करून ती दुप्पट करू नका, एएम मोनोच असतं. साध्या एएमचा आवाज जेमतेम ५ किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगही चालतं, तासाला ११५ एमबीत काम होतं. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये (हा फाइल लहान करतो, पण काही गमावत नाही). एमपीथ्री फक्त ऐकण्याच्या प्रतीसाठी. मूळ प्रतीवर नॉइज रिडक्शन कधीही चालवू नका.

खरखर घरातली आहे हे न तपासता अँटेना बदलणं

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या उंच इमारतीत राहणारा माणूस सहसा आधी मोठी अँटेना आणतो. त्याने स्टेशन वाढतं आणि खरखरही तेवढीच वाढते. आधी ही तपासणी करा: रिसीव्हर बॅटरीवर, टेकू लावून टेबलावर, ९,५०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादी रिकामी जागा. आता घराचा मुख्य एमसीबी खाली करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर घेत, शेवटी एकेक प्लग लावत जा. बहुधा मोबाइल चार्जर, राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॅप्टर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा इन्व्हर्टर एसी सापडतो. एमसीबी खाली असतानाही खरखर तशीच असेल तर ती इमारतीची किंवा बाहेरची. फक्त लिफ्ट चालू असताना येणारा आवाज लिफ्टच्या मोटर ड्राइव्हचा. तो बंद करणं आपल्या हातात नाही, पण रात्री अकरानंतर लिफ्टच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा रेकॉर्ड करणं हातात आहे.

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावरच रेकॉर्डिंगमध्ये घूं-घूं येत असेल तर तो ग्राउंड लूप आहे. ऑडिओ केबलमध्ये ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

फेराइटच्या (केबलवरून येणारी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्याच्या) बाबतीत एक गैरसमज पक्का बसला आहे. केबलवर चिमट्यासारखा एक फेराइट लावून ६ ते १० मेगाहर्ट्झवर जवळजवळ काही होत नाही. परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. ३१ नंबरच्या मिश्रणाचं मोठं कडं घ्या आणि बारीक केबलचे ८ ते १० वेढे द्या, मग फरक कानाला कळतो. तो वेढा अँटेनाच्या टोकाशी हवा, कारण घरातली खरखर कोअ‍ॅक्सच्या (अँटेनाच्या जाळीदार केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून चालत अँटेनापर्यंत पोचते.

बाल्कनीच्या लोखंडी ग्रिलच्या आत टांगलेली अँटेना ग्रिलमुळे झाकली जाते. ६० सेंटिमीटर ते १ मीटर व्यासाचा लूप (कड्यासारखी अँटेना) ग्रिलच्या बाहेर आडव्या पाइपावर धरा आणि फिरवता येईल असा ठेवा, म्हणजे खरखरीच्या दिशेला त्याचा बधिर कोन, म्हणजे जिथून तो फारसं ऐकत नाही ती बाजू, करता येतो. अ‍ॅक्टिव्ह (आत अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या) लूपचा ५ व्होल्टचा पुरवठा मोबाइल चार्जरवर घेतलात तर सगळी मेहनत वाया. पॉवर बँकेतही व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं आणि तेही आवाज करतं. चार निकेल सेल, ४.८ व्होल्ट, सर्वांत शांत. वरच्या मजल्यावरून खाली सोडलेली लांब तार मात्र नको. खालून विजेची तार जात असेल तर जिवाशी खेळ आहे.

एसडीआर: खोटं स्टेशन, तुटलेली फाइल

एसडीआर म्हणजे संगणकातल्या प्रोग्रॅमवर चालणारा रिसीव्हर. त्यातला यूएसबीचा स्वस्त आरटीएल-एसडीआर व्ही-३ डायरेक्ट सॅम्पलिंगवर (सिग्नल ट्यूनरविना थेट आकड्यांत घेत) चालवताना १४.४ मेगाहर्ट्झभोवती सगळं आरशासारखं उलटतं. १५,२०० किलोहर्ट्झचं केंद्र १३,६०० वरही दिसतं, कारण दोन्हींची बेरीज २८,८०० होते. एएम दोन्ही बाजूंनी सारखंच असल्याने ऐकून फरक कळत नाही आणि १९ मीटर पट्ट्याचं केंद्र २२ मीटर पट्ट्यात नोंदलं जातं. संशय आला की २८,८०० मधून फ्रीक्वेन्सी वजा करा, तिथेही तोच कार्यक्रम आहे का पाहा, आणि खरी जागा साध्या पोर्टेबल रिसीव्हरवर ठरवा. व्ही-४ मध्ये वेगळी रचना आहे, तिथे हा त्रास नाही.

मुंबई आकाशवाणीची मध्यमलहरी केंद्रं जवळ असल्यामुळे स्वस्त एसडीआर त्यांच्या ताकदीनेही गुदमरतात. शॉर्टवेव्हवर हिंदी-मराठी बोलणं नको तिथे ऐकू येऊ लागलं तर आधी गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरवा, मग २ मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारा हाय-पास फिल्टर लावा.

आयक्यू रेकॉर्डिंग म्हणजे एका केंद्राच्या आवाजाऐवजी फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्याचा एक अख्खा तुकडा साठवणं. १९२ किलोहर्ट्झ, १६ बिटला तासाला २.७६ जीबी, ७६८ किलोहर्ट्झला ११ जीबी. फॅट-३२ असलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही. साध्या वेव्ह फॉरमॅटची मर्यादाही तीच. १९२ किलोहर्ट्झवर ही सीमा ९३ मिनिटांनी येते, म्हणून दोन तासांचा कार्यक्रम लावून झोपणाऱ्याचं शेवटचा अर्धा तास जातो. डिस्क एक्स-फॅट किंवा एनटीएफएस करा आणि प्रोग्रॅममध्ये फाइलचे तुकडे पाडायची सोय चालू करा. या फाइलींची नावं बदलू नका. काही प्रोग्रॅम मधली फ्रीक्वेन्सी नावातूनच वाचतात.

डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ प्रसारण, एएमवर नुसती एकसुरी सळसळ ऐकवतं. तेवढा आवाज साठवून नंतर काहीही उलगडत नाही. त्यासाठी निदान १० किलोहर्ट्झ रुंदीचं आयक्यू हवं, मग ड्रीमसारखा डीकोडर चालतो.

रात्रीच्या रेकॉर्डिंगआधी लॅपटॉपची झोप, यूएसबीची वीजबचत आणि आपोआप होणारे अपडेट बंद केले आहेत ना, पाहा.

पावसाळा

खाडीकाठची हवा खारी. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर सिग्नल एकदम पडला तर रिसीव्हर उघडण्याआधी बाहेरचा कनेक्टर सोडा. तांब्यावर हिरवा थर दिसला तर केबलमध्ये पाणी मुरलं आहे. तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो, पुसून भागत नाही. नवीन जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. विजा सुरू होण्याआधीच अँटेना काढून ठेवा. रिमझिम सुरू झाली की वाढणारी आणि मोठ्या पावसाने धुतली की ओसरणारी चरचर असेल, तर ती उच्चदाबाच्या तारांच्या इन्सुलेटरवर साचलेल्या मिठाची-धुळीची. तिथे तुमच्या अँटेनाचा दोष नाही.

साठवताना

नावाचा क्रम एकच ठेवा: वर्ष, महिना, दिवस, यूटीसी वेळ, किलोहर्ट्झ, केंद्र, भाषा. वर्ष आधी असल्याने फाइली आपोआप तारखेने लागतात. ९,४२० किलोहर्ट्झ ०९४२० असं पाच आकड्यांत लिहा. नावात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरा, जुने प्रोग्रॅम देवनागरीवर अडतात. सोबत त्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल: रिसीव्हर, अँटेना, ठिकाण (‘नवी मुंबई’ नको, ‘ऐरोली, बारावा मजला’ असं), बँडविड्थ, वरची की खालची साइडबँड (मधल्या फ्रीक्वेन्सीची कोणती बाजू ऐकली), शेजारचं कोणतं स्टेशन घुसत होतं, कोणत्या मिनिटाला ओळख ऐकू आली. ओळख ऐकू आली नसेल आणि केंद्र वेळापत्रकावरून ठरवलं असेल तर तसं लिहा. अंदाज आणि खात्री एकाच रकान्यात गेली की संग्रहावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. मेमरी कार्ड हे रेकॉर्ड करण्यासाठी, ठेवण्यासाठी नव्हे. वर्षानुवर्षं वीज न मिळालेली एसएसडी माहिती गमावू शकते. दमट कपाटात सीडीवर आणि कॅसेटवर बुरशी धरते, त्यामुळे जुन्या कॅसेट आधी डिजिटल करा आणि बुरशी दिसणारी कॅसेट साफ केल्याशिवाय प्लेअरमध्ये घालू नका, हेडमार्फत ती पुढच्या कॅसेटला लागते. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली तर वेगळा येणारा आकडा) काढून ठेवा आणि दर मार्च-ऑक्टोबरला, वेळापत्रक बदलतं त्याच आठवड्यात, सगळ्या प्रतींवर तो पुन्हा चालवून पाहा. जिथे जुळत नाही ती फाइल लगेच चांगल्या प्रतीवरून बदला.