ईकोमध्ये इन्व्हर्टर बसवला, पण ग्राइंडर चालेना

स्लायडिंग खिडक्यांची कामं करतो. नव्या बिल्डिंगमध्ये लाइट नसते, म्हणून माझ्या ईको व्हॅनमध्ये मागे वेगळी १५० एएचची बॅटरी आणि १५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर बसवून घेतला. ड्रिल मस्त चालायचं. ८५० वॅटच्या ग्राइंडरचं बटण दाबलं की इन्व्हर्टर पीं पीं करून बंद. बसवणारा म्हणे, बॅटरी बदला.

बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावला. ग्राइंडर सुरू होताना बॅटरीच्या टर्मिनलवर १२ व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर १० च्या आत! मधले व्होल्ट वायर खात होती. ८५० वॅट २३० व्होल्टवर चार अँपिअरसुद्धा नाहीत, पण १२ व्होल्टच्या बाजूला तेच ८० च्या आसपास जातात, आणि सुरू होताना त्याच्याही वर. एवढ्याला ६ स्क्वेअर एमएमची वायर, तीही ड्रायव्हर सीटखालून फिरवून आणलेली. हात लावला तर गरम.

इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी आणला, ३५ स्क्वेअरची तांब्याची वेल्डिंग केबल टाकली, तिच्या टोकांचे लग (टर्मिनलला जोडायची धातूची टोकं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घेतले. पॉझिटिव्हला बॅटरीलगतच २०० अँपिअरचा फ्यूज. हा नसेल तर केबल घासून बॉडीला लागली की गाडी पेटलीच समजा. तिथे कंजुषी नको.

आता ग्राइंडर एका दमात उचलतो. सलग मात्र अर्धा-पाऊण तासच, त्यामुळे मोठं कटिंग अजून दुकानातच करून नेतो.