लिनिअरमध्ये ठिणगी पडतेय? या चुका टाळा

जुलै लागला, नाशिकात झड बसली, की हॅम रेडिओवाल्या पोरांचा ठरलेला फोन येतो. "काका, लिनिअर चटचट करतोय. ट्यूनचा कॅपॅसिटर बदलू का?" अरे, थांब. लोडचं बटण कितीवर आहे ते आधी सांग. (लिनिअर म्हणजे ट्रान्समीटरची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर; ट्यून आणि लोड हे त्यातले पात्या फिरवून जुळवायचे दोन कॅपॅसिटर.)

ठिणगी दिसते तिथेच दोष, हा समज सगळ्यात महाग पडतो. पाय नेटवर्कमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि अँटेना जुळवणाऱ्या या दोन कॅपॅसिटर आणि कॉइलच्या जोडणीत, लोडच्या पात्या पार आत ठेवल्या की व्हॉल्व्हवर भार पुरेसा येत नाही, व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं आरएफ (रेडिओ लहरींचं) व्होल्टेज चढत जातं आणि ट्यूनच्या पात्यांमधून उडी मारतं. ग्रिड करंट जास्त, प्लेट करंट कमी? मग लोड थोडा उघडा आणि डिप, म्हणजे ट्यून फिरवताना प्लेट करंट सगळ्यात खाली येतो ती जागा, पुन्हा काढा. अँटेना निसटली तरी हेच होतं.

इंदिरानगरच्या एका पोराकडे चार ८११ए व्हॉल्व्हचा सेट होता. ठिणगी दिसताच पठ्ठ्याने पात्या पॉलिश पेपरने खसाखसा घासल्या. थांबली नाही, म्हणून अजून घासल्या. मी रविवारी पंचवटीतून गेलो. दहा वॅटला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप) दीड. फुल पॉवर दिली की काटा उडायचा. गच्चीवरचा प्लग उघडला तर आतून पाणी ठिबकलं, कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी हिरवीगार. प्लग बदलला, टेप गुंडाळली, काटा जागेवर आला. ठिणगी मात्र चालूच! आता ती पडत होती त्याने घासून उठवलेल्या धारांवरून. सपाट पात्यांत कोरडी हवा मिलिमीटरला साधारण ३,००० व्होल्ट झेलते, टोकदार धारेपुढे तिचं काही चालत नाही. एकेक कड बारीक कानशीने गोल करून कीस पुसण्यात संध्याकाळ गेली. पोराला चहा करायला लावला, एवढीच वसुली.

पॉवर चालू असताना बँड स्विच फिरवू नका. बेकलाइटवर काळी रेघ उमटली असेल तर स्पिरिटने पुसून भागत नाही. तो जळका कोळसा वीज वाहून नेतो. खरवडून काढा, नाहीतर भाग बदला.

झाकण काढण्याआधी प्लग उपसा. ब्लीडरच्या, म्हणजे कॅपॅसिटरमधला साठा रिकामा करणाऱ्या रेझिस्टरच्या, भरवशावर राहू नका, तो कधी उडालाय हे कळत नाही. मी पाच मिनिटं थांबतो, मग पीव्हीसी पाइपला हुक लावलेली, चेसिसला जाड वायरने बांधलेली माझी काठी एचटीला (हाय व्होल्टेजच्या टोकाला) टेकवतो. डावा हात खिशात. गेल्या वर्षी "बंद करून तास झालाय" म्हणणाऱ्या एकाच्या सेटमध्ये काठी टेकवली, तर फटाक्यासारखा आवाज झाला आणि शेजारीण दारात आली.