लहान कॅनोपीकडे जाताना: कोल्हापूरच्या स्कायडायव्हरने काय पाहावे

कोल्हापुरात ड्रॉपझोन (स्कायडायव्हिंगच्या उड्यांचे केंद्र) नाही, ही गोष्ट आधीपेक्षा लहान कॅनोपीचा, म्हणजे पॅराशूटच्या छत्रीचा, निर्णय घेताना सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते. येथील स्कायडायव्हर नोकरी किंवा शिरोलीतला कारखाना सांभाळून वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी नारनौलला, थायलंडला, दुबईला किंवा स्पेनला जातो, आठ-दहा दिवसांत शक्य तितक्या उड्या मारतो आणि त्यानंतर कित्येक महिने विमानाचे दारही पाहत नाही. त्यामुळे लॉगबुकात उड्यांची संख्या वाढत जाते, पण हातांचा सराव तेवढ्याच वेगाने मुरतो असे नाही. दर आठवड्याला उडी मारणाऱ्यांसाठी बनलेले ढोबळ नियम आपण जसेच्या तसे लावले, तर घाई आपलीच होते.

प्रथम आकडा काढावा. विंग लोडिंग म्हणजे विमानातून बाहेर पडतानाचे एकूण वजन पौंडांत घेऊन त्याला कॅनोपीच्या चौरस फुटांनी भागणे. एकूण वजनात अंगावरचे कपडे, बूट, हेल्मेट, मुख्य कॅनोपी, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) आणि कंटेनर (दोन्ही मावतात ती पाठीवरची बॅग) हे सर्व येते. म्हणून सकाळी अनवाणी उभे राहून घरच्या काट्यावर पाहिलेला आकडा येथे कामाचा नाही. संपूर्ण साहित्य चढवून वजन करावे. घरचा काटा भरवशाचा नसेल, तर मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलतात तो इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. बघे जमतील, पण वजन नेमके कळेल. समजा माणूस 75 किलोचा आणि साहित्य 11 किलोचे आहे. एकूण 86 किलो, म्हणजे सुमारे 190 पौंड. 190 चौरस फुटांच्या कॅनोपीवर त्याचे विंग लोडिंग 1.0, 170 वर साधारण 1.12 आणि 150 वर जवळजवळ 1.27 होते. दिवाळीचा फराळ आणि रविवारचा तांबडा-पांढरा अंगी लागून त्याचे वजन चार किलोंनी वाढले, तर 170 वरचा आकडा कॅनोपी न बदलताच 1.17 च्या आसपास पोहोचतो. प्रत्येक हंगामाआधी हे गणित नव्याने करावे.

आकड्यातला फरक किरकोळ वाटतो, म्हणून तो समजून घेणे आवश्यक आहे. उड्डाणाचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 190 वरून 170 वर गेल्यास वेग साधारण 6 टक्के वाढतो. मात्र जमिनीवर आदळताना घोटे आणि कंबर यांना झेलावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे 12 टक्क्यांनी वाढते. शिवाय लहान कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात. त्यामुळे टॉगल (वळण्यासाठी आणि वेग कमी करण्यासाठी हाताने ओढायची मूठ) तेवढाच ओढला तरी ती लवकर वळते आणि त्या वळणात उंची झपाट्याने घालवते. याच कारणाने कमी वजनाच्या व्यक्तीला, विशेषतः स्त्रियांना, विंग लोडिंग सारखेच असूनही, कॅनोपी मुळात लहान असल्याने, ती अधिक चपळ जाणवते, आणि एखाद्या धिप्पाड मित्राच्या आकड्याशी आपला आकडा जुळतो या समाधानाला फारसा अर्थ उरत नाही. स्कायडायव्हिंगमधील गंभीर दुखापतींचा मोठा भाग पूर्णपणे उघडलेल्या, कोणताही बिघाड नसलेल्या कॅनोपीखाली उतरताना होतो. त्यातही जमिनीलगत घाबरून घेतलेले तीव्र वळण हे नेहमीचे कारण आहे.

पहिल्या शंभर उड्यांपर्यंत 1.0 आणि त्यानंतर दर शंभर उड्यांना फार तर 0.1 वाढ, असा ढोबळ नियम अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो कमाल मर्यादा म्हणून मानावा. तेवढ्या उड्या झाल्या की लहान कॅनोपीचा हक्क मिळतो, असा त्याचा अर्थ नाही. खरी कसोटी आत्ताच्या कॅनोपीवर काय जमते ही आहे. अंतिम टप्प्यात, जमिनीपासून 50 फुटांवर, समोर अचानक माणूस किंवा विजेची तार दिसली, तर उंची न घालवता 90 अंशांत सपाट वळता आले पाहिजे. त्यासाठी दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत ओढून, ज्या दिशेला वळायचे तिच्या विरुद्ध बाजूचा टॉगल हलकेच वर सोडायचा असतो. भीतीच्या क्षणी हात नेमके उलट करतात, म्हणजे एकच टॉगल पूर्ण खाली खेचतात. म्हणूनच हे वळण आधी 3,000 फुटांवर, उंचीमापकाकडे पाहत, पुन्हा पुन्हा करावे आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच ते खाली आणावे. फ्लेअर, म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मोडणे, सुरू असतानाही थोडी दिशा बदलता यावी. वारा नसताना, आडवा वारा असताना आणि किंचित उतारावरही पायांवर उभे राहून उतरता यावे, ठरवलेल्या जागेपासून दहा मीटरच्या आत वारंवार पोहोचता यावे, आणि ब्रेक लाइन (टॉगलची दोरी) तुटली तर मागच्या रायझरने (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याने) फ्लेअर कसा करायचा हे उंचावर अनुभवलेले असावे. यातले एक जरी चाचपडत होत असेल, तर मोठ्या कॅनोपीकडे शिकण्यासारखे अजून बरेच शिल्लक आहे.

एक गोष्ट मात्र कोल्हापुरातच करता येते: पडण्याचा सराव. पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून, पोटरी, मांडी, नितंब आणि पाठीचा तिरपा भाग अशा क्रमाने धक्का वाटून घेत लोळणे ही उतरण्याची पद्धत कॅनोपी लहान झाली की अधिक उपयोगी पडते, कारण प्रत्येक वेळी पायांवर थांबता येईलच असे नाही. तालमीच्या लाल मातीसारखी जागा यासाठी शोधून सापडणार नाही. वस्तादांची परवानगी घेऊन आठवड्यातून एकदा हौद्याच्या कडेवरून हा सराव करावा.

हवेची घनता हा विषय आपल्याकडे दुर्लक्षिला जातो. दुबईचा किनारा समुद्रसपाटीवर आहे, तर कोल्हापूरचा विमानतळ सुमारे 600 मीटरांवर. एवढ्या उंचीवर 35 अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की, प्रमाण हवामानातल्या समुद्रसपाटीच्या तुलनेत कोणतीही कॅनोपी साधारण 7 टक्के अधिक वेगाने उडते. म्हणजे किनाऱ्यावर शिकलेल्या माणसाने दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात उडी मारली, तर एक आकार लहान कॅनोपी घेतल्यासारखाच फरक त्याला जाणवतो. दोन्ही बदल एकाच सहलीत करू नयेत.

साहित्य निवडताना एका वेळी एकच आकार उतरावे आणि कॅनोपीचा प्रकार तोच ठेवावा. नऊ सेलच्या (कप्प्यांच्या) आयताकृती कॅनोपीवरून थेट लहान आणि लंबवर्तुळाकार कॅनोपीवर जाणे म्हणजे दोन पायऱ्या एकदम उतरणे होय. जुने साहित्य विकणारे बहुधा कंटेनरसह विकतात, आणि 150 चा कंटेनर स्वस्त मिळाला म्हणून 190 वरची माणसे सरळ 150 घेतात. पैसे वाचवण्याचा हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. रिझर्व्हच्या आकाराकडेही तितकेच लक्ष द्यावे. बेशुद्ध अवस्थेत स्वयंचलित यंत्राने रिझर्व्ह उघडला, तर फ्लेअर करायला कोणी नसते, म्हणून तो फार लहान नसावा. नवी कॅनोपी बसवल्यावर रिगरकडून (पॅराशूटच्या तंत्रज्ञाकडून) कॅनोपीची पिशवी, पायलट शूट (कॅनोपी बाहेर ओढणारे छोटे पॅराशूट) आणि क्लोजिंग लूप (कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फास) तपासून घ्यावेत, आणि टॉगल पूर्ण वर असताना ब्रेक लाइनला किंचित ढील आहे ना, हे पहिल्याच उडीत वर पाहून खात्री करावी.

नव्या कॅनोपीवरची पहिली उडी सहलीच्या मध्यावर घ्यावी. आधीचे काही दिवस जुन्या कॅनोपीवरच हात मोकळे करावेत. त्या दिवशी स्थिर, हलका वारा असावा, कॅमेरा किंवा नवे हेल्मेट असे दुसरे काहीही नवीन नसावे, आणि वैमानिकाला व विमानातल्या सर्वांना आधी सांगून 5,000 फुटांच्या वर कॅनोपी उघडावी. वर असताना टॉगल हळूहळू ओढून, किती ओढल्यावर ती उडणे थांबवते (स्टॉल होते) ते पाहावे, अर्ध्या ब्रेकवर वळावे, एका पूर्ण फेरीत किती उंची जाते ते उंचीमापकावर वाचावे आणि फ्लेअर निदान चार-पाच वेळा करून पाहावा. ही मोजमापे मिळाली की उतरण्याचा चौकोन (जमिनीवर येण्याआधीच्या वळणांचा ठरलेला मार्ग) कोठून सुरू करायचा हे ठरते. जुन्या कॅनोपीच्या 1,000, 600 आणि 300 फुटांच्या खुणा येथे तशाच लागू होतील असे गृहीत धरू नये. पहिल्या काही उड्यांत समोरच्या रायझरने वेग वाढवण्याचा मोह टाळावा.

जुनी कॅनोपी लगेच विकू नये. पुढच्या हंगामात सहा-सात महिन्यांच्या खंडानंतर पहिल्या दिवशी तीच पाठीवर असावी. विकून टाकलीच असेल, तर ड्रॉपझोनवर तेवढ्याच आकाराची भाड्याने मिळते का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे.