हेल्मेटवरच्या व्हिडिओवरून लँडिंग शिकू नका: गोव्यातल्या नव्या जंपर्ससाठी

स्कायडायव्हिंगचं एएफएफ (इन्स्ट्रक्टरसोबत फ्रीफॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं, शिकायचा कोर्स) झालंय, ए लायसन्सच्या (पहिल्या परवान्याच्या) २५ जंप्स झाल्यात किंवा होत आल्यात आणि राहायला गोव्यात आहात, अशांसाठी हे लिहितेय. एग्झिट कसं घ्यायचं (विमानातून कसं बाहेर पडायचं), रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) कधी काढायचा हे सांगत बसणार नाही, ते तुमच्या इन्स्ट्रक्टरकडूनच शिकायचं. मला बोलायचंय ते कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, उघडल्यानंतरच्या चार-पाच मिनिटांबद्दल आणि त्यातही शेवटच्या दहा फुटांबद्दल. फ्रीफॉलबद्दल सगळेच बोलतात, त्याचे व्हिडिओही छान येतात, पण पाय मोडतात ते खाली.

आपली गोवेकरांची अडचण अशी की जंप करायला आपण बाहेर जातो. कोणी हरियाणातल्या नारनौलला, कोणी थायलंडला, कोणी दुबईला, वर्षातून एक-दोन ट्रिपा. इथे दाबोळी नौदलाकडे, मोपा सुरू झाल्यापासून पेडण्यावरूनही विमानांची ये-जा, आणि किनाऱ्यावरचं पॅरासेलिंग बोटीला बांधलेलं, त्याचा आपल्या कॅनोपीशी काही संबंध नाही. मग जून ते सप्टेंबर घरी बसायचं, चवथ झाली की तिकिटं बघायची. या मधल्या काळात हाताशी असतो तो लॅपटॉप आणि त्यातले व्हिडिओ, आणि माणूस मन लावून अभ्यास करायला बसतो. अभ्यास करावा, जरूर करावा. फक्त कशावरून करताय ते बघा.

माझं काय झालं ते सांगते. २०० जंप्सच्या आधी कॅमेरा लावू नये अशी यूएसपीएची (अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची) शिफारस आहे, ती मी पाळली होती. कॅमेरा आला, एक सीझन झाला, आणि पावसात मी माझी सगळी लँडिंग्ज फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघितली. प्रत्येक व्हिडिओत टॉगल (कॅनोपी वळवायची आणि ब्रेक लावायची हँडल्स) खाली ओढायला लागते तेव्हा जमीन चांगली पंचवीस-तीस फूट खाली दिसत होती. निष्कर्ष सरळ होता, आपण फार उंचावरून फ्लेअर (उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) करतोय, थोडं थांबायला हवं. पुढच्या ट्रिपच्या पहिल्याच लँडिंगला मी थांबले आणि जमीन आलीच. पीएलएफ (पाय जोडून, लोळण घेत पडायची रीत) केला म्हणून घोट्याच्या लिगामेंटवर निभावलं. नंतर एका मैत्रिणीने कुंपणाजवळून सहज काढलेला आधीच्या सीझनचा एक व्हिडिओ पाठवला, आणि त्यात, त्याच अभ्यासलेल्या जंपला, माझा फ्लेअर हवा तिथेच, दहा फुटांच्या आसपास, सुरू होत होता. म्हणजे सुधारायला काही नव्हतंच.

हे नीट समजून घ्या, कारण हे डोळ्यांचं किंवा धाडसाचं प्रकरण नाही, साधं गणित आहे. हेल्मेटवरचे ॲक्शन कॅमेरे खूप रुंद बघतात. समजा फ्रेम आडवी १२० अंशांची आहे आणि सरळ रेषा सरळच दाखवतेय. ती तुम्ही १५ इंची लॅपटॉपवर बघताय, म्हणजे स्क्रीनची रुंदी ३४ सेंटिमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात जेवढं मोठं दिसलं तेवढंच स्क्रीनवर दिसायला हवं असेल तर डोळा स्क्रीनपासून किती लांब पाहिजे माहितीये? फक्त दहा सेंटिमीटर. आपण बसतो पन्नास सेंटिमीटरवर. म्हणजे फ्रेमच्या मधोमध जे काही आहे ते पाचपट लहान दिसतं, आणि लहान दिसलं की मेंदू त्याला लांब समजतो. फोनवर बघितलंत तर आणखीच लहान. सेटिंगमध्ये लिनिअर केलं की प्रश्न सुटतो असं काही जण सांगतात, ते खरं नाही. त्याने कडेचा वाकडेपणा जातो, रुंदपणा थोडा कमी झाला तरी बराचसा उरतो. वेगाचंही तेच. मधला भाग संथ वाटतो, कडेचं गवत पळतं, आणि फ्लेअरसाठी आपण बघत असतो नेमकं मधलं.

आता उलट बाजू बघा. साध्या विद्यार्थी कॅनोपीवर फायनलला (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात), ब्रेक न लावता, तुम्ही सेकंदाला साधारण चार-साडेचार मीटर खाली येत असता. दहा फूट म्हणजे तीन मीटर. अर्धा सेकंद थांबलात की दोन मीटर गेले आणि फ्लेअर करायला एक मीटर उरला. अर्धा सेकंद म्हणजे ‘जरा थांबूया’ असं मनात म्हणायलाही पुरत नाही. म्हणून व्हिडिओ बघून ‘थोडं उशिरा करूया’ हा विचार आला की तिथेच थांबा, आणि आधी बाहेरून काढलेला व्हिडिओ मिळवा.

बाहेरून म्हणजे असा. कोणाला तरी फोन द्या आणि फायनलच्या रेषेला काटकोनात, लँडिंग एरियाच्या बाहेर उभं करा, तुमच्या समोर तर कधीच नाही. अर्धा एक्स ती रुंद लेन्स नको, दोन एक्स घ्या. फोन कमरेच्या उंचीवर, आडवा, सेकंदाला ६० फ्रेम्स, आणि जमत असेल तर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) फ्रेममध्ये येऊ दे. घरी आल्यावर टॉगल हलायला लागतात ती फ्रेम थांबवा आणि तुमच्या बुटांपासून गवतापर्यंत तुमचीच उंची किती वेळा मावते ते स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून मोजा. माझी उंची पाच फूट तीन इंच, तर मला जवळजवळ दोन वेळा मावली पाहिजे. अंदाजाची भानगडच नाही. तुमच्या कॅनोपीसाठी आणि वाऱ्यासाठी इन्स्ट्रक्टरने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आणि घाबरू नका. उंचावर फ्लेअर झाला तरी त्यातून वाचायची रीत आहे. हात आहेत तिथेच धरायचे, पाय जोडायचे, जमीन जवळ आली की उरलेलं ओढायचं आणि पीएलएफ. हात वर सोडायचे नाहीत, अजिबात नाहीत. सोडले की कॅनोपी पुढे झेपावते आणि तुम्हाला घेऊन आपटते. कॅनोपी सरळ, समोर मोकळी जागा, निदान अर्धा फ्लेअर आणि पीएलएफ, या चार गोष्टी त्याच क्रमाने पाठ करा. बहुतेक वाईट लँडिंग्ज यातच खपून जातात, दुसऱ्या दिवशी तुम्ही परत मॅनिफेस्टला (जंपसाठी नाव नोंदवतात तिथे) उभे असता.

जे खपत नाही ते म्हणजे खाली येऊन घेतलेलं जोराचं वळण. नीट उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनोपीखाली माणसं मेलीत, फक्त १०० फुटांवर टॉगल जोरात ओढून वाऱ्याकडे तोंड करायला गेल्यामुळे. वाऱ्याबरोबर उतरा, आडव्या वाऱ्यात उतरा, गुडघे सोलवटून घ्या, पण खाली आल्यावर वळू नका. अडथळा टाळायलाच लागला तर ब्रेक्समधलं (दोन्ही टॉगल थोडे ओढून धरून घेतलेलं) सपाट वळण, आणि ते वर २,००० फुटांच्या पुढे इतक्या वेळा करून ठेवा की हाताला सवय होईल. उतरायच्या पॅटर्नचे, डाउनविंड (वाऱ्याबरोबर) १,००० फूट, बेस (वाऱ्याला आडवं) ६००, फायनल (वाऱ्याकडे तोंड) ३००, हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. पाळणारे कमी.

गुरू कोणाला करायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. हजारो जंप्स झालेला पण पॅकिंग मॅटवर बसून ‘छान झालं’ म्हणणारा नको. जो लँडिंग एरियात उन्हात उभा राहतो आणि तुम्ही उतरल्यावर तुमच्याकडे चालत येतो, तो धरा, भले त्याच्या जंप्स कमी असोत. आणि जो पहिल्याच आठवड्यात सांगतो की कॅनोपी लहान घे, खरी मजा त्यात आहे, त्याच्यापासून लांब राहा. विंग लोडिंग, म्हणजे कॅनोपीच्या दर स्क्वेअर फुटाला किती पौंड वजन, स्वतः काढा. तुम्ही ७० किलो, रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच), हेल्मेट, कपडे धरून १२, झाले ८२ किलो म्हणजे १८१ पौंड. १९० स्क्वेअर फुटांच्या कॅनोपीवर हे ०.९५ येतं, १५० वर थेट १.२. नव्या माणसाने एकच्या आतच राहावं, आणि वर्षाला एक-दोन ट्रिपा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर बराच काळ. विंड टनेलचंही (खालून सोडलेल्या वाऱ्यावर फ्रीफॉलचा सराव करायची जागा) तसंच, बंगळूर-मुंबईची आपली मंडळी परदेशात जाऊन तासन्‌तास टनेल करतात, फ्रीफॉल सुंदर होतो, कॅनोपीचं त्यात शून्य शिक्षण आहे. तो पैसा कॅनोपी कोर्सला लावा. यूएसपीएच्या बी लायसन्सला तो कोर्स तसाही लागतोच.

स्कायडायव्हर शीतल महाजनने २०१८ मध्ये पटायाला नऊवारी नेसून जंप केली तेव्हापासून आपल्या पोरींचे मला मेसेज येतात, मला पण करायचंय. करा ना, मला मनापासून आवडेल. पण तिने उत्तर ध्रुवावर पहिली जंप केली २००४ मध्ये, मधली चौदा वर्षं मोजा. सुटा कपडा पॅराशूट उघडायच्या हँडलवर आला तर काय करायचं हे ज्याला झोपेत येतं त्यानेच तो प्रकार करावा.

कॉम्प्युटरचा खरा उपयोग पॅटर्नसाठी आहे. फ्लायसाइटसारखा जीपीएस लॉगर असेल तर ट्रॅक नकाशावर टाकून बघा, डाउनविंडला कुठे होतात, बेसला वळलात तेव्हा उंची किती होती, वाऱ्याने किती ढकललं, सगळं दिसतं. फक्त शेवटच्या दहा फुटांसाठी तो पण वापरू नका, जीपीएसच्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते. व्हिडिओ एडिट करताना जुना लॅपटॉप अडकत असेल तर नवा घेण्याआधी प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या कॉप्या) बनवून बघा. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नका, आणि जूनमध्ये वीज येते-जाते तेव्हा डिस्क जोडून कॉपी लावायची असेल तर यूपीएसवरच.

आपल्याकडच्या दमटपणाचं मात्र मनावर घ्या. बॅगेत ठेवलेल्या लेन्सला पावसाळ्याच्या शेवटी बुरशीचं जाळं धरलेलं असतं. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल, सोबत छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के. बॅटऱ्या अर्ध्या चार्ज करून वेगळ्या. रिग गाडीच्या डिकीत नाही, उन्हात नाही, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ तर नाहीच, ॲसिडने नायलॉन जातं आणि बघून कळतही नाही. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवते, खाली आईची सोवळ्याची साडी, दोघींनी मिळून ठरवलेलं आहे. स्टोचे (पॅक केलेल्या दोऱ्या धरून ठेवणारे) रबर बँड चार महिन्यांत चिकट होतात, ते सरसकट बदला.

वाऱ्याचा अभ्यास गोव्यात फुकट आहे. ऑक्टोबरनंतर दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा लागतो, तेव्हा मोरजीला किंवा केरीला उभं राहून माडांची झावळं बघा, किनाऱ्यावर एकीकडे आणि आत शंभर-दोनशे मीटरवर वेगळीकडे हलतात. अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याच्या खालच्या अंगाला हवा खवळलेली असू शकते, म्हणजे पन्नास फुटी माड असेल तर पाचशे ते हजार फूट. एकदा हे अंतर सड्यावर पावलांनी मोजून बघा, लँडिंग एरिया निवडताना परत कधी झाडामागे जाणार नाही. पॅराग्लायडिंग करत असाल तर फक्त हे लक्षात ठेवा की तो पंख खूप लांब तरंगतो, आपली कॅनोपी तेवढी जात नाही, तिथला अंदाज इथे आणलात तर कुंपणाच्या अलीकडेच उतराल.

ट्रिपची तारीख ठरली की आधी रिझर्व्हच्या रिपॅकची (तपासून परत पॅक करायची) तारीख बघा, अमेरिकन नियमात ती १८० दिवसांची आहे आणि बरेच ड्रॉपझोन (जंप करायची केंद्रं) तेच मागतात. रिग केबिन बॅगेतच, एएडीचं (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राचं) एक्स-रे कार्ड वरच्या खिशात, आणि एअरलाइनचं उत्तर ईमेलवर घेऊन ठेवा. सुरक्षा तपासणीला अर्धा तास जास्त धरा, शांतपणे समजावून सांगा, रिझर्व्हला हात लावू देऊ नका. ए लायसन्सवाल्यांनी ६० दिवसांत जंप केली नसेल तर पोचल्यावर स्वतःहून इन्स्ट्रक्टरकडे जा आणि रिफ्रेशर मागा. पहिल्या दिवशी हेल्मेटवर कॅमेरा लावू नका, आणि फोन कोण धरणार ते विमानात चढायच्या आधी ठरवा.